अर्धी मोटार आणि केकचा तुकडा

तीर्थस्वरूप आई-बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, जेम्स रोझेनक्विस्ट या अमेरिकन चित्रकाराच्या चित्राचा फोटो मी पाठवला, तेव्हा ही तर मोटारीची सरळ जाहिरात आहे, यात उपहास कुठे आला, असे तुम्ही विचारले होते. फोनवर मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हा माणूस तुमच्याच धंद्यातला होता. १९३३ साली नॉर्थ डकोटा या शेतीप्रधान राज्यात त्याचा जन्म झाला. तरुणपणी त्याने पेट्रोल कंपनीची चिन्हे आणि धान्याची कोठारे रंगवली, आणि पुढे न्यू यॉर्कला जाऊन टाइम्स स्क्वेअर भागातले प्रचंड जाहिरातफलक परांचीवर उभे राहून रंगवले. तुम्ही कागदावर चौकोन आखून तेच चौकोन भिंतीवर मोठे करत होता, तशीच त्याचीही पद्धत होती. त्याचे दोन सहकारी परांचीवरून पडून मरण पावले आणि १९६० साली त्याने ते काम सोडले. आई, बाबा उंच शिडीवर असले की तू दिवसभर जेवत नव्हतीस, हे मी विसरलेले नाही.

इतक्या जवळून रंगवणाऱ्याला मोटार दिसतच नाही, समोर नुसता रंगाचा पट्टा असतो. ट्रॅक्टरचे बॉनेट रंगवताना तुम्हीही हेच सांगत होता. जाहिरातीची भुरळ खालच्या रस्त्याने जाणाऱ्याला पडते, वर ब्रश धरणाऱ्याला ती कशी उभी राहते हे माहीत असते. रोझेनक्विस्टचा उपहास इथूनच आला, असे माझे ठाम मत आहे.

मी पाठवलेले चित्र १९६१ सालचे आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘माझ्या फोर्डसह मी तुझ्यावर प्रेम करतो’ असा होतो. त्यात एकाखाली एक तीन पट्टे आहेत : वर फोर्ड मोटारीचे करडे तोंड, मध्ये कुजबुजणारे जोडपे आणि तळाशी नारिंगी स्पॅगेटी, जिला आई शेवया म्हणाली. प्रेम, खाणे आणि मोटार या तिन्ही गोष्टी दुकानाच्या एकाच फळीवर मांडलेल्या मालासारख्या दिसतात, आणि चित्राचा डंख त्यातच आहे. शिवाय ती मोटार मुद्दाम १९५० सालची घेतली आहे. नवी असती तर हवीशी वाटली असती, फार जुनी असती तर तिच्याविषयी जिव्हाळा वाटला असता. पण दहा वर्षांपूर्वीच्या मोटारीकडे पाहून, हिच्यासाठी लोक एवढे का झुरत होते, एवढाच प्रश्न मनात येतो. एस. टी. थांब्यामागच्या भिंतीवर तुम्ही रंगवलेली, आता पुसट झालेली स्कूटर पाहिली की मला तसेच वाटते.

त्याचे दुसरे चित्र मला याहूनही मोठे वाटते. त्यात निवडणुकीच्या पोस्टरवरून घेतलेला जॉन केनेडींचा हसरा चेहरा आहे, शेजारी केकचा तुकडा धरलेला हात आहे आणि पिवळ्या शेव्हरोलेटचा एक भाग आहे. हा माणूस स्वतःचीच जाहिरात करतो, आणि त्याचे आश्वासन काय, तर अर्धी शेव्हरोलेट आणि शिळ्या केकचा तुकडा, अशा अर्थाचे चित्रकाराने पुढे सांगितले होते. मोटार अर्धीच दाखवण्यातला त्याचा नेमकेपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण जाहिरातीतली वस्तू अशीच अर्धी असते. उरलेला अर्धा भाग म्हणजे तिचा खर्च, तो चौकटीबाहेर राहतो.

आपल्या गावात तो अर्धा भाग मला स्पष्ट दिसतो. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, आणि कास्तकाराच्या हाती पैसा येतो तो कापूस विकल्यावर आणि तूर निघाल्यावर. मोटारी घेणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. संध्याकाळनंतर आपल्याकडे एस. टी. येत नाही, आणि रात्री-बेरात्री दवाखान्यात जायचे झाले तर वाहन लागतेच. परंतु दारात मोटार उभी नसेल तर मुलाचे लग्न जमणार नाही, या भीतीने वावर गहाण पडू लागले आहे, आणि ही भीती जाहिरातींनीच घरोघरी नेली आहे. दादा मोटारीचा विषय काढेल तेव्हा तुम्ही दोघांनी त्याच्याशी याविषयी मोकळेपणाने बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझ्या शाळेची रस्त्याकडची भिंत रिकामी आहे आणि मुलांनी तिच्यावर तीन पट्ट्यांचे चित्र काढायचे ठरवले आहे : वर मोटारीचे तोंड, मध्ये आईबापाचे चेहरे, खाली कापसाची बोंडे. बाबा, फ्लेक्स आल्यापासून तुमचे ब्रश पेटीत पडून आहेत. पोळा झाल्यावर तुम्ही इकडे यावे आणि मुलांना चौकोन आखून मोठे चित्र कसे उतरवतात ते शिकवावे. भिंतीला आधी चुना द्यावा की थेट प्रायमर लावावा, आणि ऑइल पेंट किती लागेल, तेवढे कळवा, म्हणजे मी सामान आणून ठेवते.

तुमची,
मुलगी