पाकिटात पानफुटीचं पान

मिरज,
अक्षय्य तृतीया

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र पोचलं. वहिनींचा मोगरा आणि जास्वंद दोन्ही पाण्यावाचून वाळली, हे वाचून फार वाईट वाटलं. 2016 च्या एप्रिलमध्ये पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आमच्या मिरजेतून तुमच्या लातूरला निघाली, तेव्हा मी स्टेशनवर होतो. त्यामुळे तुमच्या नळाची कहाणी मला नवी नाही. तरी गच्ची ओसाड ठेवू नकोस.

कोरफड, जेड, स्नेक प्लँट, पानफुटी आणि वहिनींच्या फुलांसाठी अडेनियम, एवढी कमी पाण्यात तगणारी झाडं लाव. अडेनियम लातूरच्या उन्हात खुलेल. स्नेक प्लँट आणि जेड मात्र मे महिन्यात हिरव्या जाळीखाली हवेत. नर्सरीत एचेव्हेरियाची गुलाबासारखी रचलेली जाड पानं तुला मोह घालतील, पण ती नकोच. मी आणलेल्या तिन्ही जुलैत सडल्या.

ही झाडं तगतात कशी, ते ऐक. यातल्या बहुतेकांच्या पानांची छिद्रं दिवसा मिटलेली असतात, रात्री उघडतात. रात्री हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड पानात आम्ल होऊन साठतो आणि दिवसा उजेडात खर्ची पडतो, त्यामुळे उन्हात पाणी फारसं उडून जात नाही. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं आपल्याच देशात पानफुटीचं पान चाखलं होतं. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी जरासं कडवट! हे त्यानं पत्रातून लंडनला कळवलं आणि 1815 साली ते छापून आलं. मला या माणसाचं फार अप्रूप वाटतं.

आता मातीचं नीट लक्षात ठेव. तुमची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि नेमकं तेच या मुळांना मारतं. अर्धी जाड वाळू, थोडा विटांचा चुरा, उरलेली माती आणि मूठभर जुनं शेणखत असं मिसळ. कुंडी मातीचीच घे, तळाला भोक हवंच. पाणी घालशील तेव्हा खालून निथळेपर्यंत घाल, मग काडी खोल खुपसून ती कोरडी निघेपर्यंत थांब. रोज पेलाभर शिंपडणं सगळ्यात वाईट. जेडची पानं सुरकुतली तर तहान लागलीय. पिवळी पडून मऊ झाली तर पाणी जास्त झालंय. तसं झालं तर निरोगी फांदी कापून चार दिवस सावलीत सुकू दे आणि कोरड्या वाळूत खोच.

मृग लागायच्या आत सगळ्या कुंड्या पत्र्याखाली घे. उन्हाळ्यात जगलेलं झाड पावसात हातचं जातं, ते मी पाहिलंय.

सोबत पानफुटीचं एक पान ठेवलंय. पाकीट उघडशील तोवर कडेच्या खाचांतून कोंब डोकावत असतील, नसले तरी टाकू नकोस. मातीवर नुसतं पसरून ठेव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
मिरजकर