सर्व्हिस केलेल्या सिलिंडरवर चुकीच्या आट्यांचा व्हॉल्व्ह बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सर्व्हिस विभाग

महोदय,

आपल्याकडे सर्व्हिसिंगला दिलेले माझे दोन स्कूबा सिलिंडर (पाण्याखाली श्वास घेण्यासाठीचे) परत मिळाले. दोन्हींवर 'व्हॉल्व्ह सर्व्हिस पूर्ण' असा सहीचा टॅग आहे. प्रत्यक्षात त्यांतल्या एकावर आपल्या तंत्रज्ञाने भलत्याच आट्यांचा व्हॉल्व्ह बसवला आहे. तो सिलिंडर भरला गेला असता तर भरणाऱ्याच्या जिवावर बेतले असते, म्हणून फोनवर न भागवता हे लेखी देत आहे.

या सिलिंडरच्या मूळ व्हॉल्व्हचे क्रोम उडाले आहे, तो बदलावा लागेल, असे आपण कळवले आणि मी होकार दिला. सिलिंडर अॅल्युमिनियमचा, २०७ बार दाबाचा आहे. त्याच्या खांद्यावर मानेच्या आट्यांचे माप '३/४-१४ एनपीएसएम' (पाइपचे इंची माप) असे स्पष्ट ठोकलेले आहे. आपण बसवलेल्या नव्या व्हॉल्व्हवर मात्र 'एम२५×२' हे मिलिमीटरमधले माप आहे. सिलिंडर रिकामाच परत आला होता हे नशीब. कॉम्प्रेसर चालवणाऱ्याने भरण्याआधी दोन्ही खुणा वाचल्या आणि होज जोडायलाच नकार दिला. त्याचे मी मनापासून आभार मानले. खरे तर हे वाचन आपल्या बाकावर व्हायला हवे होते.

मी फोन केला तेव्हा आपल्याकडून उत्तर आले, "व्हॉल्व्ह घट्ट बसला होता, साबणाच्या पाण्याने तपासला, एक बुडबुडा आला नाही." महोदय, धोका नेमका इथेच आहे. एम२५ चा व्यास २५ मिलिमीटर, ३/४ चा साधारण २६.४. एकाच्या आट्यांतले अंतर २ मिलिमीटर, दुसऱ्याचे सुमारे १.८. त्यामुळे लहान व्हॉल्व्ह मोठ्या मानेत सहज शिरतो, काही फेऱ्यांनी आटे एकमेकांत अडकतात आणि पान्याला तो घट्ट लागतो. ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे रबरी कडे, वरच्या बाजूला दाबली जाते, म्हणून गळतीही दिसत नाही. पण २०७ बारला त्या व्हॉल्व्हला खालून साधारण एक टन जोर बसतो, आणि तो पेलायला असतात फक्त आट्यांची टोके. असा व्हॉल्व्ह भरताना सुटू शकतो, किंवा भरलेला सिलिंडर नुसता उभा असतानाही. आट्यांचा गेज लावला असता तर दोन मिनिटांत कळले असते.

दुसऱ्या एका तंत्रज्ञाकडून हा व्हॉल्व्ह मी माझ्यासमोर काढून घेतला. पान्याचा पहिला झटका दिल्यावर पुढे तो बोटांनी फिरत होता आणि मानेत डुगडुगत होता. मानेतल्या आट्यांची टोके घासून चपटी व चकचकीत झाली आहेत, ओ-रिंगच्या ग्रीसमध्ये अॅल्युमिनियमची चंदेरी पूड चिकटली आहे. फोटो सोबत जोडले आहेत. या मानेवर आता योग्य मापाचा व्हॉल्व्ह बसवूनही मी विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर माप बरोबर आहे, पण बिलावर लिहिलेले 'किट बदलले' (म्हणजे सीट, वॉशर असे झिजणारे भाग नवे घातले) हे खरे नाही. नॉब बंद करताना पूर्वीइतकाच जोर लागत होता, म्हणून तोही उघडून पाहिला. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या नायलॉनच्या सीटवर गोल खोल चर पडलेली आहे. नवी सीट सपाट असते. टेफ्लॉन वॉशर कडेने फाटलेला आहे. आतली डिप ट्यूब तर गायबच आहे. डायव्हर डोके खाली करून पोहत असताना सिलिंडरमधली पूड किंवा पाणी व्हॉल्व्हच्या तोंडाशी येऊ नये, हे तिचे काम. शिवाय हा सिलिंडर नायट्रॉक्ससाठी (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेसाठी) ऑक्सिजन-क्लीन, म्हणजे ऑक्सिजनमध्ये पेटेल असे काही आत न ठेवता साफ, करून द्या असे मी लेखी सांगितले होते, आणि आपल्याच जॉबकार्डावर सिलिकॉन ग्रीस लिहिले आहे! दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकते. तिथे परफ्लुओरिनेटेड ग्रीसच वापरतात.

सर्व्हिसचे पैसे परत मिळावेत आणि पहिल्या सिलिंडरच्या जागी नवा सिलिंडर मिळावा, ही माझी मागणी आहेच. पण त्याहून निकडीची गोष्ट वेगळी आहे. हा एम२५ चा व्हॉल्व्ह ज्या खोक्यातून आला, त्याच खोक्यातले आणखी किती व्हॉल्व्ह कुणाकुणाच्या सिलिंडरवर बसले आहेत? ज्या ज्या ग्राहकाचा व्हॉल्व्ह आपण बदलला, त्याला आजच फोन करून सिलिंडर भरू नका, भरलेला असेल तर हलवू नका, असे सांगा. ती यादी तपासून झाल्याचे मला लेखी कळवा. कोणता भाग बदलला, कोणत्या मापाचा, गेज लावला की नाही आणि सही कोणाची, हे दोन्ही सिलिंडरांच्या जॉबकार्डांच्या प्रतींसह पाठवा.

उत्तरासाठी आठ दिवस थांबतो. त्यानंतर ग्राहक आयोगाकडे आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याकडे तक्रार करीन. दोन्ही व्हॉल्व्ह, जुनी सीट आणि वॉशर माझ्याकडे जपून ठेवले आहेत. आपला माणूस येऊन पाहू शकतो, पण ते ताब्यात देणार नाही.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: फोटो, बिल आणि टॅगची प्रत