सातवीपर्यंत थांबू नका

संपादक महोदय,

ऑनलाइन गेम खेळताना एका अनोळखी माणसाने आपल्या मुलीकडे नको त्या छायाचित्राची मागणी केली, हा अनुभव अभिनेते अक्षयकुमार यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईतल्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमात सांगितला. सातवी ते दहावीला दर आठवड्याला सायबरचा एक तास असावा, ही त्यांची मागणी रास्तच आहे. पण सातवी म्हणजे फार उशीर. माझा नातू तिसरीत आहे. मे महिन्याच्या सुटीत गेममधला कुणी ‘दादा’ त्याला फुकट नाणी देऊन शाळेचे नाव विचारत होता. नातवाने ते मला सांगितले, कारण ‘आज खेळात कोण भेटलं?’ असे मी त्याला रोज जेवताना विचारते. एकदा जरी ओरडले असते, तर त्याने लपवले असते.

त्या रात्री सून आणि मी सेटिंग उघडून बसलो. खात्यावर वय अठराच्या पुढचे टाकलेले, म्हणून मुलांसाठीची बंधने लागूच नव्हती! खऱ्या वयाचे नवे खाते काढले, चॅट बंद केले. हे पालकसभेत फोन हातात देऊन, मराठीतून दाखवायला पंधरा मिनिटे पुरतात. संशयास्पद संदेश रागाने पुसू नयेत, स्क्रीनशॉट ठेवावा, हेही सांगावे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठीची १९३० हे क्रमांक शाळेच्या दैनंदिनीत पहिल्याच पानावर छापावेत.

– एक आजी, सांगली