तुम्ही त्या दुपारी स्टेंट टाकला नाहीत

आदरणीय डॉक्टर,

डिस्चार्जच्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहून गेले.

आईला १९ वर्षांचा मधुमेह. छातीत कधी दुखलं नाही, नुसता जिना चढताना दम लागायचा, आणि आम्ही तो वयावर ढकलला. बरीच वर्षं साखर असली की नसा बोथट होतात, हृदयाची कळही जाणवत नाही, हे तुमच्याकडून कळलं.

अँजिओग्राफीत तिन्ही धमन्यांत अडथळे निघाले. तुम्ही आत बोलावलंत तेव्हा मी सहीची तयारी करूनच आले होते. "स्टेंट मी आत्ता टाकू शकतो, ताई. पण यांना बायपास करा," असं म्हणालात. स्टेंट टाकणं हे तुमचंच काम, तरी तुम्ही आईला सर्जनकडे पाठवलंत.

मामा तर चिडलेच, "छाती कशाला फाडायची?" तुम्ही त्यांना समोर बसवून केसपेपरच्या मागे चित्र काढलंत. स्टेंट एका जागेचा अडथळा उघडतो. मधुमेहात धमनी लांबवर खराब झालेली असते, पुढेमागे नवा अडथळा होऊ शकतो. बायपासची नळी अडथळ्यांच्या पलीकडे जोडतात. मग २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम' अभ्यासाचे आकडे सांगितलेत: आईसारखे १९०० मधुमेही रुग्ण; पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेले स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, बायपासच्या गटात १८.७. आणि लगेच हेही, की नुसता पक्षाघात पाहिला तर तो बायपासकडेच जास्त होता, ५.२ विरुद्ध २.४. ही दुसरी बाजू तुम्ही आपणहून सांगितलीत, म्हणून माझा पहिल्या बाजूवर विश्वास बसला. मामाही गप्प झाले.

ऑपरेशन सोपं गेलं नाही. साखर आवरायला आयसीयूत इन्सुलिन सतत चालू होतं, बायपासच्या नळीसाठी पायातली नस काढली होती, ती जखम भरायला वेळ लागला. सर्जनसाहेबांचे आणि रात्रभर जागणाऱ्या सिस्टरांचे उपकार आहेतच. पण तिथवर आम्हाला तुम्ही पोचवलंत, डॉक्टर. मनापासून आभार.

तो केसपेपर मी जपून ठेवलाय. सोमवारी घेऊन येते, सोबत मामाही आहेत. त्यांनाही साखर आहे, आणि हल्ली जिन्यात थांबावं लागतं, हे त्यांनी परवा स्वतःहून सांगितलं.