छोट्या बैठकीने दिलेली उभारी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात मोठ्या संगीत महोत्सवांच्या बातम्या आणि परीक्षणे नियमितपणे येतात. ज्यांची बातमी सहसा होत नाही अशा कार्यक्रमांपैकी एका बैठकीविषयी मी हे पत्र लिहीत आहे. मी हार्मोनिअमवादक असून अनेक वर्षे पुण्यात गायक-गायिकांना साथ करतो आणि घरी शिकवण्या घेतो. अलीकडेच कोथरूडमधील एका वाचनालयाच्या सभागृहात मला एकल वादनाची संधी मिळाली. त्याआधी काही महिने, कार्यक्रम घेणे थांबवावे आणि मिळेल ती नोकरी पत्करावी, हा विचार माझ्या मनात घट्ट होत चालला होता. त्या बैठकीनंतर तो मागे पडला. तो कशामुळे मागे पडला, हे संयोजकांना आणि श्रोत्यांना कळावे असे मला मनापासून वाटते.

साथीदाराचा संसार कसा चालतो, हे बाहेर फारसे माहीत नसते. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट आणि हिवाळ्यातले महोत्सव एवढ्याच काळात कामाची गर्दी असते. एरवीचे महिने शिकवण्यांवर निघतात. २०२० च्या टाळेबंदीत कार्यक्रम पूर्ण थांबले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा, ‘सध्या बजेट नाही, पण तुमचे नाव होईल’ हे वाक्य पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येऊ लागले. एका संयोजकांनी तर कार्यक्रम झाल्यावर ‘पुढच्या आठवड्यात मानधन पोहोचवतो’ असे सांगितले आणि नंतर माझा फोन घेणेच बंद केले. पेटीचा खर्च मात्र थांबत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, रीड बेसूर होतात, भात्यातून हवा गळू लागते, आणि दुरुस्ती करणाऱ्या जाणकार कारागिराला त्याचे पैसे वेळेवर द्यावेच लागतात, कारण तोही आमच्यासारखाच हातावर पोट असणारा माणूस आहे.

त्यात एकल हार्मोनिअमवादनाची वाट अधिकच अरुंद आहे. या वाद्याचे स्वर जागच्या जागी ठरलेले, त्यातून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही, श्रुती (स्वरांमधली सूक्ष्म अंतरे) साधत नाहीत, असे आक्षेप जुने आहेत. त्यांच्यापोटीच १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनिअमवर बंदी घातली आणि ती अंशतः शिथिल होण्यासाठीही १९७१ पर्यंतचा काळ जावा लागला. महाराष्ट्राने मात्र पेटीवर प्रेम केले. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना करणाऱ्या भास्करबुवा बखले यांना साथ करणारे गोविंदराव टेंबे एकल वादनासाठीही नावाजले गेले, आणि पुढे आप्पा जळगावकरांनी साथीला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. असे असूनही आज पेटीवादकाने ‘मला दीड तास स्वतंत्र वाजवायचे आहे’ असे म्हटले, की बहुतेक ठिकाणी ‘गायन कोणाचे आहे?’ असा प्रश्न येतो. वाचनालयाच्या मंडळींनी तो प्रश्न विचारला नाही.

बैठक साधी होती. जमिनीवर सतरंज्या, मागे ज्येष्ठांसाठी खुर्च्या, दोनशे रुपयांचे तिकीट आणि आवाज जेमतेम उचलेल एवढाच ध्वनिवर्धक. सहा वाजता म्हणजे सहालाच कार्यक्रम सुरू झाला. सूर्यास्ताची वेळ म्हणून मी मारवा राग घेतला. मारव्यात पंचम म्हणजे ‘प’ हा स्वर वर्ज्य असल्याने तानपुऱ्याची पहिली तार निषादावर, म्हणजे ‘नी’वर, मिळवली होती. कोमल रिषभावर (रे) थांबायचे, शुद्ध धैवतावर (ध) थांबायचे आणि षड्जावर (सा) येणे शक्य तितके लांबणीवर टाकायचे, हे या रागाचे मर्म. पेटीवर ते भात्याच्या दाबावर अवलंबून असते, कारण हवा किंचित जास्त झाली तरी रिषभ खणखणीत वाजतो आणि त्यातली व्याकुळता जाते. मी भाता जवळजवळ थांबवून तो स्वर धरला तेव्हा सभागृहात खुर्चीही हलली नाही. बऱ्याच वेळाने षड्जावर आलो, तेव्हा मागच्या रांगेपर्यंत एकदम सुस्कारा ऐकू आला. तबल्यावर साथ करणाऱ्या माझ्या मित्राने माझ्याकडे पाहिले आणि पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आम्ही दोघांनीही हसतच गाठली.

मध्यंतरात एक बाई जवळ आल्या आणि ‘तानपुरा आज वेगळा लागलाय, पंचम नाही ना?’ असे म्हणाल्या. संगीत त्या शिकलेल्या नाहीत, अनेक वर्षे रेडिओवर ऐकत आल्या आहेत, एवढेच त्यांनी सांगितले. टाळ्या मला यापूर्वीही मिळाल्या आहेत. पण दुसऱ्या कोणाच्या गाण्यामागे वाजवताना आपण नेमके काय केले हे कोणाला ऐकू गेले असेल, ही आशा मी सोडून दिली होती. त्या एका प्रश्नाने ती परत आली. उत्तरार्धात नाट्यपदांच्या फर्माइशी झाल्या, वेळ थोडी लांबली आणि कोणी उठून गेले नाही.

मानधनाचे पाकीट मला मंचावर जाण्यापूर्वीच दिले गेले होते. रक्कम मोठी नव्हती, पण ठरली होती तेवढी पूर्ण होती. तबलजींचे पाकीट वेगळे होते, आणि निवेदनात त्यांचे व तानपुऱ्यावर बसलेल्या दोन्ही विद्यार्थिनींचे नाव स्पष्टपणे घेतले गेले. त्या रात्री घरी आल्यावर मी पुन्हा पेटी उघडून बसलो, असे बऱ्याच काळात झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रियाजाला मला कोणाला उठवावे लागले नाही.

१९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या महोत्सवाचा मला पुणेकर म्हणून अभिमान आहे. परंतु कोणत्याही महोत्सवात मोजक्याच कलाकारांना स्थान मिळू शकते, आणि तिथपर्यंत पोहोचण्याइतका दम टिकायचा तर अधूनमधून अशा छोट्या बैठकी मिळाव्या लागतात. त्यासाठी नव्या इमारतींची गरज नाही. वाचनालये, शाळा आणि गृहनिर्माण सोसायट्यांची सभागृहे शहरात पेठांपासून उपनगरांपर्यंत आहेत आणि त्यांतली पुष्कळशी संध्याकाळी बंद असतात. महापालिकेने आपली लहान सभागृहे आठवड्यातल्या मधल्या दिवशी अशा कार्यक्रमांना अल्प भाड्यात दिली तर फार मदत होईल. संयोजकांनी तिकीट लावताना संकोच करू नये, असेही मला आग्रहाने सांगायचे आहे. विनामूल्य प्रवेशिकांचा परिणाम शेवटी कलाकाराच्या पाकिटावर होतो.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा अशा छोट्या बैठकींची यादी छापावी, आणि तिच्यात स्थळ, वेळ व तिकीट यांबरोबर साथीदारांचीही नावे असावीत. त्या वाचनालयाने पुढची बैठक एका तरुण सारंगीवादकाची ठरवली आहे. तिची माहिती त्यांच्याकडून आपल्या कार्यालयात येईल; तिला कृपया जागा द्यावी.

आपला नम्र,
एक हार्मोनिअमवादक, पुणे