फेअरबँक्सहून घरी: त्या बसमधल्या पोराबद्दल

फेअरबँक्स, अलास्का
जानेवारी अखेर

प्रिय आई, बाबा आणि आजी,
सा. न.

आई, सगळ्यात आधी, मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतंय, तांदूळ-डाळ सगळं मिळतं, खोलीतला हीटर दिवसरात्र चालू असतो, उलट घरात मी साध्या टीशर्टवर असते. परवा तू फोनवर रडवेली झालीस आणि मला लॅबमध्ये पळायचं होतं, बोलणं अर्धवट राहिलं, तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे म्हणून आज बसून सगळं लिहिते. बाबांना मोबाईलवर बारीक अक्षर दिसत नाही, विशालला प्रिंट काढून आणायला सांग आणि आजीला तू वाचून दाखव.

विशालने त्या पोरावरचा 'इनटू द वाइल्ड' सिनेमा बघितला, ठीक आहे, चांगला सिनेमा आहे. पण "ताई राहते तिथेच तो पोरगा उपाशी मेला" हे तुला जेवता जेवता सांगायची काय गरज होती! तिथेच म्हणजे कुठे? मी राहते ते शहर आहे, इथे हॉस्पिटल आहे, विमानतळ आहे, रात्री उशिरासुद्धा दूध-ब्रेड मिळतं. ती जागा हीली गावाच्या पलीकडे, इथून गाडीने दोन तास दक्षिणेला जायचं आणि मग हायवे सोडून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटर आत, रस्ता नुसता नावाला. मी तिथे गेलेली नाही आणि जायचं कारणही नाही, कारण ज्या बसमध्ये तो मेला ती बसच आता तिथे नाही.

तू विचारलंस की त्या पोरात एवढं काय आहे, तीस वर्षं होऊन गेली तरी लोक त्याचं नाव घेतात. इथे आल्यावर मला पण हाच प्रश्न पडला होता. नाव ख्रिस मॅककँडलेस, व्हर्जिनियातल्या खात्यापित्या घरचा, १९९० ला अटलांटाच्या एमरी युनिव्हर्सिटीतून ग्रॅज्युएट झाला, खात्यात साधारण २४,००० डॉलर होते ते ऑक्सफॅम ह्या गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दान करून टाकले आणि गाडी घेऊन निघाला. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पुराच्या पाण्याने गाडी बंद पडली तर ती तिथेच सोडली, खिशातले पैसे जाळले, नाव बदललं, आणि पुढची दोन वर्षं लिफ्ट मागत, कुठे शेतावर तर कुठे बर्गरच्या दुकानात काम करत फिरला. एप्रिल १९९२ मध्ये फेअरबँक्सला पोचला आणि आमच्याच कॅम्पसवरच्या पुस्तकांच्या दुकानातून त्याने खाण्याजोग्या रानटी झाडपाल्याचं एक पुस्तक घेतलं. वय २४. मी इथे आले तेव्हा मी पण साधारण तेवढीच होते, म्हणून ते दुकान दिसलं की मला अजून कसंतरीच होतं.

शहराबाहेर त्याला एका इलेक्ट्रिशियनने लिफ्ट दिली. त्याने सामान बघितलं तर साडेचार किलो तांदूळ, एक हलकी बंदूक, पुस्तकं, आणि पायातले बूट इथल्या चिखलाला काही कामाचे नव्हते. त्याने खूप समजावलं, अँकरेजला नेतो, नीट सामान घेऊन देतो म्हणाला, पोरगा ऐकेना. घरी माहीत आहे का कुठे आहेस, असंही विचारलं, तर म्हणाला घरच्यांशी दोन वर्षं बोलणंच नाही. शेवटी त्या माणसाने स्वतःचे रबरी बूट काढून दिले आणि दुपारच्या डब्यातलं सँडविच दिलं. आई, तू असतीस तर तू पण हेच केलं असतंस, आधी रागावली असतीस आणि मग डबा दिला असतास.

आत चालत जाऊन त्याला ती बस सापडली. १९४६ ची, फेअरबँक्सचीच जुनी सिटी बस, नंबर १४२. १९६१ मध्ये रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना राहायला म्हणून ओढत नेली होती, काम संपलं आणि ती तिथेच राहिली. त्यात शेगडी होती, पलंग होता. तिथे तो खारी, पक्षी मारून आणि कंदमुळं खाऊन राहिला. जूनमध्ये मोठा मूस, म्हणजे इथलं घोड्याएवढं हरीण, मारला पण मांस टिकवता आलं नाही, सगळं सडलं, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं असं त्याने वहीत लिहून ठेवलंय.

आता जे सांगते ते सिनेमा बघून झाला की लोक विसरतात. जुलैच्या सुरुवातीला तो परत यायला निघाला होता. सामान बांधलं होतं, दाढी केली होती, बसमधून बाहेर पडला होता. एप्रिलमध्ये टेक्लानिका नदी त्याने सहज ओलांडली होती कारण तेव्हा ती गोठल्यासारखी, पाणी कमी. आपल्या वैनगंगेला पूर पाऊस पडला की येतो, इथल्या नद्यांना ऊन पडलं की येतो, कारण वर हिमनदी वितळते, जितकी गरमी जास्त तितकं पाणी जास्त. समोर एवढं राखाडी पाणी बघून तो मागे फिरला. त्या जागेपासून थोड्याच अंतरावर खाली, तारेवरून हाताने ओढत पलीकडे जायचा एक पाळणा होता, पाणी मोजणाऱ्या लोकांनी बसवलेला. त्याच्याकडे धड नकाशाच नव्हता, त्याला कुठून कळणार.

मग तो बसमध्ये परत आला आणि खंगत गेला. ३० जुलैला वहीत लिहिलं की खूप अशक्त झालोय, बियांमुळे. जंगली बटाट्याच्या बिया, म्हणजे ज्या झाडाचं मूळ इथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या खातात त्याच्या बिया. आमच्याच युनिव्हर्सिटीतल्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांनी ते झाड तपासलं होतं तर विष सापडलं नाही. मग २०१३ मध्ये ज्या पत्रकाराने त्याच्यावर पुस्तक लिहिलंय त्याने मांडलं की आजी ज्या लाखोळीबद्दल सांगते ना, तिच्यात असतं तेच द्रव्य ह्या बियांमध्ये असावं. मी तर वाचून उडालेच! आपल्याकडे धान उभं असतानाच बांध्यांमध्ये लाखोळी फेकतात, दुष्काळात गरीब माणसं महिनोन्‌महिने तीच डाळ खायची आणि तरण्याताठ्या पोरांचे पाय जायचे, त्यावरून सरकारने विक्रीवर बंदी घातली होती. इकडे अलास्कात बसून मी आपल्या भंडाऱ्याच्या डाळीबद्दल वाचत होते. नंतर २०१५ मध्ये त्याच पत्रकाराने आणि त्याच्या सोबतच्या संशोधकांनी पुन्हा तपासून सांगितलं की ते नाही, बियांमध्ये दुसरंच एक विषारी द्रव्य आहे, आणि अजूनही त्यावर भांडणं चालतात. कागदोपत्री कारण उपासमार हेच आहे. ६ सप्टेंबर १९९२ ला शिकाऱ्यांना तो सापडला तेव्हा वजन फक्त ३० किलो होतं. बसच्या दारावर चिठ्ठी लावलेली होती की मी एकटा आहे, चालत बाहेर पडायची ताकद नाही, जवळच रानफळं गोळा करायला गेलोय, संध्याकाळी परत येईन, कृपा करून थांबा.

आई, हे वाचून तू रडू नकोस, पण अर्धवट सांगितलं तर तू जास्त घाबरतेस म्हणून सगळं सांगितलं.

इथल्या लोकांना त्याचं कौतुक नाही. माझे गाईड इथेच जन्मले, ते म्हणतात नकाशाशिवाय जंगलात जाणं म्हणजे जंगलाचा अपमान. पण १९९६ ला पुस्तक आलं, २००७ ला सिनेमा आला, आणि जगभरातून पोरं त्या बसकडे चालत यायला लागली. तीच नदी! २०१० मध्ये एक स्विस मुलगी बुडाली, २०१९ मध्ये बेलारूसची नुकतंच लग्न झालेली मुलगी नवऱ्यासोबत आली होती ती बुडाली, २०२० च्या फेब्रुवारीत पाच इटालियन लोकांना सोडवून आणावं लागलं. शेवटी त्याच जूनमध्ये सैन्याच्या चिनूक हेलिकॉप्टरने बस उचलली, साखळ्या घालायला छताला आणि तळाला भोकं पाडली आणि लटकवत बाहेर आणली. आता ती इथल्या म्युझियमकडे आहे, आणि जतनाचं काम चाललं होतं तेव्हा आमच्या इंजिनीअरिंग बिल्डिंगच्या उंच हॉलमध्ये ठेवली होती. मी काचेतून बघितली. हिरवा-पांढरा रंग उडालेला, पत्र्याला बंदुकीच्या गोळ्यांची भोकं, आणि जिथे हात पोचेल तिथे लोकांनी नावं कोरलेली. माझ्या शेजारी एक माणूस रडत होता, चांगला पन्नाशीचा. मला वाटतं प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी सगळं टाकून निघून जावंसं वाटलेलं असतं आणि ह्या पोराने ते करून दाखवलं, म्हणून लोक त्याला सोडत नाहीत. मला मात्र तो नदीच्या काठावर उभा असलेलाच दिसतो, पाठीवर सामान, घराकडे तोंड.

आणि त्याचे आईवडील. १९९० च्या उन्हाळ्यात ते अटलांटाला त्याला भेटायला गेले तर खोलीवर 'भाड्याने देणे' अशी पाटी. घरी येऊन बघतात तर त्यांनीच पाठवलेल्या पत्रांचा गठ्ठा पोस्टाने परत आलेला. त्याने पोस्टात सांगून ठेवलं होतं की १ ऑगस्टपर्यंत पत्रं अडवून ठेवा आणि मग परत पाठवा, म्हणजे घरी कळेपर्यंत आपण लांब गेलेलो असू. नंतर त्याच्या बहिणीने २०१४ मध्ये लिहिलं की घरात खूप मारहाण व्हायची, त्यामुळे तो उगाच गेला असं मी म्हणणार नाही. पण त्याची आई नंतर हेलिकॉप्टरने त्या बसपर्यंत गेली आणि एक सूटकेस ठेवून आली, औषधं, खायचे डबे, आणि एक चिठ्ठी, की जो कोणी इथे येईल त्याने लवकरात लवकर आपल्या आईवडिलांना फोन करावा.

म्हणून सांगते, विशालने माझी आणि त्याची तुलना केली ते मला लागलं. मी रविवारचा फोन चुकवत नाही, चुकला तर फील्डवर असते म्हणून, आणि फील्डवर आम्ही एकटं जातच नाही, तो नियमच आहे. कमीत कमी दोघं, निघायच्या आधी कुठे जातोय आणि कधी परत येणार हे ऑफिसात लिहून द्यायचं, सोबत सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं यंत्र, अस्वलासाठी स्प्रे. गोठलेल्या जमिनीचं तापमान मोजायचं असतं, नळीत वायर सोडायची आणि आकडे घ्यायचे, ह्यात वेडं धाडस काही नाही.

बाबा, गाडी घेतली त्याचं तुम्ही विचारलंत. जुनी आहे, पण इथे गाडी चैन नाही, उणे चाळीसमध्ये बसस्टॉपवर उभं राहवत नाही. आणि हो, फोटोत गाडीच्या तोंडातून वायर लोंबतेय ती बिघडलेली नाही! इथे प्रत्येक गाडीला ती असते. ऑफिस, दवाखाना, कॉलेज, जिथे पार्किंग तिथे खांबावर प्लग, आणि लोक उतरल्या उतरल्या आधी गाडीची वायर प्लगमध्ये घालतात मगच आत जातात. गाडी विजेवर चालत नाही, पेट्रोलचीच आहे, चार्जिंग नाही हे, पण थंडीत इंजिनचं ऑइल घट्ट होतं आणि बॅटरी मान टाकते, म्हणून इंजिनला छोटा हीटर बसवलेला असतो, ऑइलच्या टाकीखाली वेगळा, बॅटरीला गरम पांघरूण वेगळं, आणि ह्या सगळ्यांची मिळून एक वायर पुढून बाहेर काढतात. रात्रभर लावायची गरज नसते, निघायच्या दोन-तीन तास आधी पुरते, त्यासाठी टायमर मिळतो. पहिल्या वर्षी मला पण काही कळायचं नाही की गाड्यांना एवढं काय बांधून ठेवलंय.

पैशाचं: गाडी हप्त्यावर नाही, साठवलेल्यातून घेतली, त्यामुळे ह्या महिन्यात घरी थोडे कमी येतील. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ठरल्याप्रमाणे जाईल, त्याची काळजी करू नका. आजीच्या मोतीबिंदूचे वेगळे पाठवलेत, ते बाबांनी दुसऱ्या कशात घालू नयेत. विशालच्या परीक्षेची फी मी भरते.

दादाच्या लग्नाची तारीख मेच्या शेवटी काढलीत. आई, तेव्हाच इथला बर्फ उतरतो आणि आमचं वर्षाचं काम सुरू होतं, गाईडना विचारलंय, अजून हो म्हणाले नाहीत. तिकीटही तेव्हा फार महाग आहे. मी येत नाही असं म्हणत नाहीये, पण हळदीला नसले तर दादाला आत्ताच सांगून ठेव, ऐन वेळी त्याचं तोंड उतरायला नको. वहिनीला साडी माझ्याकडून घ्या, रंग तिच्या पसंतीचा.

आणि नागपूरच्या त्या स्थळाचं. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही, पण "दोन वर्षांत परत येणार का" ह्याचं उत्तर आत्ता लिहून द्या असं ते म्हणतात ते मला जमणार नाही. पीएचडी संपायला वेळ आहे. ते थांबत असतील तर मी त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलेन, नसतील तर त्यांनी दुसरीकडे बघावं, मला वाईट वाटणार नाही. बाबांना वाटेल, ते मला माहीत आहे. त्यांना म्हणावं रविवारी फोन तुम्हीच घ्या, आईच्या हातात देऊन अंगणात जाऊन बसू नका.

आजीला नमस्कार, विशालला माझ्याकडून एक रट्टा.

तुमची,
मीनल