बाहुला पिशवीतच, ट्रेनिंग झालं

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याला प्रथमोपचाराचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, आशाताई, मास्तर लोकं, पोलीस पाटील असे चाळीसएक जण होतो. सीपीआरसाठी, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालवायचं शिकायला, बाहुला एकच, त्याचं प्लास्टिकही पाहुण्यांच्या फोटोपुरतं निघालं अन् परत पिशवीत. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, छाती पाच-सहा सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, हे पडद्यावर वाचलं, पण तेवढं खाली जायला जोर किती लागते ते हाताला कळलंच नाही. उदाहरणं म्हणाल तर हार्ट अटॅक अन् मॉलमधली आग. आमच्याकडं मॉल कुठला बाप्पा, शुक्रवारचा बाजार!

साप अन् फवारणीबद्दल एक शब्द नाही. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत किती शेतकरी-मजूर गेले ते साऱ्या राज्यानं पाहिलं, तरी विषबाधा झालेल्याचे कपडे आधी काढून अंग साबणानं धुवायचं, हे आजही कितीक घरी माहीत नाही.

दोन वर्षांआधी माझ्या चुलतभावाच्या पोराला झोपेत मण्यार चावला. खाली गोधडीवर झोपला होता, ना सूज ना रक्त, पहाटे पोट दुखते म्हणे, आम्हाला वाटलं शिळं खाल्लं असेल, मग पापण्या पडायला लागल्या तेव्हा पळालो. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सापाच्या विषावरची लस सुरू केली अन् जिल्ह्याला पाठवलं, पण मण्यारच्या विषात लस देऊनही श्वास लगेच परत येत नाही, तोवर बाहेरून हवा देत राहावं लागते. नर्सताई गाडीत एका हातानं मास्क धरून दुसऱ्या हातानं अंबू बॅग, म्हणजे श्वास द्यायचा फुगा, दाबत सव्वा तास बसल्या, हात भरून आला की मला देत. फुगा दाबा, छाती वर आली का पहा, सोडा, मग परत. माझं खरं ट्रेनिंग ते, चालत्या गाडीतलं. पोरगं आता नववीत आहे.

घोणसचं वेगळं, त्यात रक्त गोठत नाही. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करायची, रक्त वाहिलं तर विष चढलेलं. नळी काचेचीच पाहिजे, प्लास्टिकची चालत नाही. मशीन लागत नाही, फक्त शिकवणारा लागते.

अन् संशोधन फक्त मोठ्या कॉलेजातच होते असं नाही. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडसारख्या गावात विंचूदंशाचे पेशंट पाहता पाहता प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची गोळी कामी येते हे जगाला दाखवलं. आपल्या लसीसाठीचं विष बहुतेक तामिळनाडूतल्या सापांचं असते, अन् एकाच जातीच्या सापाचं विष भागाभागात बदलते. मग इकडं किती कुप्या लागल्या, चावल्यापासून किती तासांनी पेशंट आला, हे पीएचसीच्या रजिस्टरात नीट लिहून मेडिकल कॉलेजनं ते वाचायला काय हरकत आहे?

पुढचं ट्रेनिंग पेरणीच्या आधी घ्या म्हणावं, अंबू बॅगा चार-पाच आणा, नाश्ता नसला तरी चालते.

– एक वाचक, जि. यवतमाळ